जाहिरातीने फसवले? कुठे जायचे, किती खर्च, किती दिवस

सर्वांत आधी मोबाइल काढा आणि त्या जाहिरातीचा फोटो घ्या. फोन, भांडण, अर्ज सगळे त्यानंतर. आज झळकणारी जाहिरात उद्या उतरवली जाते आणि परवा दुकानदार छातीठोकपणे सांगतो, ‘आम्ही असे म्हटलेच नव्हते.’

मग स्वतःला विचारा: मला नेमके काय हवे आहे? ती जाहिरात बंद व्हायला हवी, कंपनीला दंड व्हायला हवा, की माझे पैसे परत हवेत? तिन्हींची दारे वेगळी आहेत आणि बहुतेक तक्रारी इथेच चुकतात. लोक दंड करणाऱ्या कार्यालयाकडे अर्ज देतात आणि पैशांची वाट पाहत बसतात. कंपनीला झालेला दंड सरकारजमा होतो, तुमच्या खात्यात येत नाही. दरम्यान पैसे परत मागण्याची मुदत संपत जाते. ती मुदत दोन वर्षांची आहे.

पुरावा: हे आधी जमवा

छापील जाहिरात असेल तर अख्खे पान ठेवा. नुसत्या कात्रणावर वर्तमानपत्राचे नाव, आवृत्ती आणि तारीख राहत नाही. होर्डिंगचे दोन फोटो घ्या: एक मजकुराचा जवळून, दुसरा लांबून, चौक ओळखू येईल असा. टीव्हीवरची जाहिरात असेल तर वाहिनी, तारीख आणि वेळ लिहून ठेवा. इन्स्टाग्राम किंवा यूट्यूबवरची असेल तर स्क्रीन रेकॉर्डिंग करा. खात्याचे नाव आणि तारीख त्यात दिसू द्या, लिंक वेगळी जपून ठेवा. तळाशी बारीक अक्षरांत जे लिहिले आहे त्याचा स्वतंत्र फोटो घ्या. वाद बहुतेक वेळा त्याच ओळीवरून होतो.

सोबत हे लागेल: बिल, यूपीआय किंवा कार्डाने पैसे भरल्याची नोंद, वॉरंटी कार्ड, वेष्टन, माहितीपत्रक, विक्रेत्याशी झालेले व्हॉट्सॲप संभाषण. आश्वासन तोंडी असेल तर त्याच दिवशी विक्रेत्याला मेसेज पाठवा: ‘आपण आज असे सांगितलेत, त्यावर विसंबून मी पैसे भरत आहे.’ उत्तर आले नाही तरी तुमच्या बाजूने तारखेसह नोंद राहते.

हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगते. आम्ही दिवाळीत फ्रीज घेतला. जाहिरातीत मोठ्या अक्षरांत होते: शून्य टक्के व्याज, कोणताही छुपा खर्च नाही. किंमत २४,००० रुपये, २,००० रुपयांचे १२ हप्ते. काउंटरवर ९९९ रुपये प्रोसेसिंग फी निघाली, तिच्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे एकूण १,१७९ रुपये. फॉर्मवर वाढीव वॉरंटीच्या चौकोनात आधीच खूण केलेली होती, ती मी खोडायला लावली. शेजारी उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला तोच फ्रीज रोखीने २२,५०० रुपयांना मिळाला. म्हणजे ‘शून्य टक्के’ आम्हाला २,६७९ रुपयांना पडले. तक्रार केली. प्रोसेसिंग फी जीएसटीसह परत मिळाली, कारण ‘छुपा खर्च नाही’ हे छापलेले पान माझ्याकडे होते. रोखीच्या भावातला १,५०० रुपयांचा फरक मिळाला नाही. तो भाव तोंडी होता आणि त्याचा एकही कागद माझ्याकडे नव्हता.

कशावर तक्रार करता येते

केंद्र सरकारची ९ जून २०२२ची मार्गदर्शक तत्त्वे इथे तुमच्या कामी येतात. त्यांतले चार मुद्दे लक्षात ठेवा.

एक, ‘मोफत’. प्रतिसाद देण्याचा आणि वस्तू घरी आणण्याचा अटळ खर्च सोडून तुम्हाला आणखी काही मोजावे लागत असेल, तर ती वस्तू मोफत म्हणता येत नाही.

दोन, बारीक अक्षरांतली टीप. मुख्य दावा ज्या भाषेत, टीपही त्याच भाषेत हवी. मराठी जाहिरातीखाली इंग्रजी अटी चालत नाहीत. टीप मुख्य दाव्याच्या विरुद्ध जाता कामा नये आणि महत्त्वाची माहिती झाकायला तिचा वापर होता कामा नये.

तीन, गळ टाकणारी जाहिरात. जाहिरातीतल्या भावाने माल विकण्याची खरी तयारी आणि पुरेसा साठा हवा. साठा मर्यादित असेल तर तसे जाहिरातीतच सांगायला हवे. ‘ते मॉडेल संपले, हे घ्या’ असे पहिल्याच तासात ऐकू आले तर तक्रारीला जागा आहे.

चार, मुलांसाठीच्या जाहिराती. हे प्यायल्याने बुद्धी वाढते, ताकद वाढते, असे म्हणायचे तर शास्त्रीय आधार हवा.

समाजमाध्यमांवरच्या इन्फ्लुएन्सरने पैसे, भेटवस्तू किंवा फुकट सेवा घेतली असेल तर ‘जाहिरात’ किंवा ‘प्रायोजित’ असे ठळक सांगणे बंधनकारक आहे. हॅशटॅगच्या गर्दीत लपवलेला उल्लेख पुरेसा नाही.

पहिले पाऊल: १९१५

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. सकाळी ८ ते रात्री ८, राष्ट्रीय सुट्ट्या सोडून रोज. मराठीत बोलता येते. व्हॉट्सॲप क्रमांक ८८००००१९१५. हेल्पलाइनच्या संकेतस्थळावर आणि उमंग ॲपवरूनही तक्रार नोंदवता येते. खर्च: शून्य.

फोन करण्याआधी बिल समोर ठेवा: कंपनीचे पूर्ण नाव, खरेदीची तारीख, रक्कम, जाहिरातीतले नेमके वाक्य आणि तुमची मागणी, एका वाक्यात. ‘न्याय मिळावा’ असे सांगू नका; ‘१,१७९ रुपये परत हवेत’ असे सांगा. तक्रारीचा नोंद क्रमांक लिहून घ्या, पुढे प्रत्येक ठिकाणी तो विचारतात.

हेल्पलाइन तक्रार कंपनीपर्यंत पोहोचवते आणि उत्तर मागते. आदेश देण्याचा अधिकार तिला नाही. मोठ्या कंपन्यांच्या बाबतीत बरेचसे प्रश्न इथेच सुटतात. महिनाभर थांबा, त्यापेक्षा जास्त नको. कंपनीने परस्पर ‘प्रश्न सुटला’ असे कळवून तक्रार बंद करून घेतली असेल तर गप्प बसू नका, पैसे मिळालेले नाहीत असे लेखी कळवा. पैशांऐवजी कूपन देऊ केले तर ते घेण्याआधी अटी वाचा. एकदा ‘पूर्ण व अंतिम समझोता’ लिहून दिलात की पुढचा रस्ता अवघड होतो.

जाहिरात थांबवायची असेल: ॲस्की

ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल ऑफ इंडिया, म्हणजे ॲस्की, ही जाहिरात व्यवसायाने १९८५ साली उभी केलेली मुंबईची स्वयंनियमन संस्था. इथे तक्रार करायला वस्तू विकत घेतलेली असण्याची गरज नाही. जाहिरात पाहिलीत आणि ती खोटी वाटली, एवढे पुरे. व्हॉट्सॲप क्रमांक ७७१००१२३४५, किंवा संस्थेच्या संकेतस्थळावर अर्ज. ग्राहकाला शुल्क नाही.

लागणारी कागदपत्रे दोनच: जाहिरातीची प्रत किंवा लिंक, आणि कोणता दावा का चुकीचा वाटतो याच्या चार ओळी. संस्था जाहिरातदाराकडे आधार मागते. आधार पटला नाही तर जाहिरात बदला किंवा मागे घ्या असे सांगते. दूरचित्रवाणीच्या जाहिरातींना या संस्थेची संहिता केबल टेलिव्हिजन नियमांमुळे कायद्यानेही लागू आहे. मर्यादा लक्षात ठेवा: ॲस्की दंड करत नाही आणि पैसे परत मिळवून देत नाही.

कंपनीला दंड व्हावा असे वाटत असेल: केंद्रीय प्राधिकरण

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९खाली जुलै २०२०मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले. फसव्या जाहिरातीसाठी ते उत्पादकाला किंवा जाहिरातीत शिफारस करणाऱ्या नामवंताला १० लाख रुपयांपर्यंत दंड करू शकते, पुन्हा तोच गुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत. नामवंताला एक वर्ष, पुढच्या वेळी तीन वर्षे जाहिराती करण्यापासून रोखू शकते. दावा खरा आहे का, याची योग्य ती खातरजमा आधी केली होती असे नामवंताने दाखवले तर तो सुटतो.

अर्ज दिल्लीलाच पाठवायला हवा असे नाही. कायद्याचे कलम १७ सांगते की अशी तक्रार जिल्हाधिकाऱ्याकडेही लेखी किंवा ऑनलाइन देता येते. साधा कागद, जाहिरातीची प्रत, तुमची सही. आवक विभागाचा शिक्का मारलेली पोच घ्या. शुल्क नाही.

प्राधिकरण एकट्यादुकट्याच्या भांडणात सहसा पडत नाही. अनेक ग्राहकांचे नुकसान करणारी जाहिरात असेल तर लक्ष घालते. ‘५ मिनिटांत ऑटो, नाहीतर ५० रुपये’ ही रॅपिडोची जाहिरात आठवत असेल. अटींत होते ‘५० रुपयांपर्यंत’. तेही रोख नव्हते, ॲपमधली नाणी होती. ती फक्त बाइकच्या फेरीसाठी चालायची आणि सात दिवसांत बाद व्हायची. ऑगस्ट २०२५मध्ये प्राधिकरणाने १० लाखांचा दंड केला आणि ज्या ग्राहकांना ५० रुपये मिळाले नव्हते त्यांना ते देण्याचा आदेशही दिला. असा परताव्याचा आदेश निघू शकतो, पण त्याच्या भरवशावर राहू नका.

सेन्सोडाइनच्या ‘जगभरचे दंतवैद्य शिफारस करतात’ या दाव्यामागचे सर्वेक्षण फक्त भारतातल्या दंतवैद्यांचे निघाले; २०२२मध्ये १० लाखांचा दंड झाला. स्पर्धा परीक्षांच्या क्लासची गोष्ट मराठी घरांना जास्त जवळची. दृष्टी आयएएसने २०२२च्या परीक्षेत २१६हून अधिक निवडी झाल्याचे छापले. त्यांपैकी १६२ जणांनी फक्त मुलाखतीचा मोफत मार्गदर्शन वर्ग केला होता. २०२५मध्ये ५ लाखांचा दंड झाला. नोव्हेंबर २०२४पासून क्लासना यशस्वी विद्यार्थ्याचा फोटो लावण्याआधी, निकालानंतर घेतलेली त्याची लेखी संमती लागते, आणि फोटोशेजारी त्याचा गुणवत्ता क्रमांक, अभ्यासक्रमाचे नाव, कालावधी आणि त्याने पैसे भरले होते का, हे द्यावे लागते. पुण्यात किंवा छत्रपती संभाजीनगरात मुलाची फी भरण्याआधी फ्लेक्सवर हे सगळे आहे का पाहा. नसेल तर फी भरू नका, तिथेच फोटो काढा.

पैसे परत हवे असतील: ग्राहक आयोग

जिल्हा ग्राहक आयोग ५० लाख रुपयांपर्यंतची प्रकरणे घेतो, राज्य आयोग ५० लाख ते २ कोटी, त्यावर राष्ट्रीय आयोग. ही रक्कम म्हणजे तुम्ही वस्तूसाठी मोजलेले पैसे, तुम्ही मागता ती भरपाई नव्हे. कंपनी गुरुग्रामची असो की बेंगळुरूची, तुम्ही राहता किंवा नोकरी करता त्या जिल्ह्यात तक्रार दाखल करता येते. गोव्यात उत्तर आणि दक्षिण असे दोन जिल्हा आयोग आहेत. कायदा आणि शुल्क तेच.

शुल्क असे: ५ लाखांपर्यंत काहीच नाही. ५ ते १० लाख, २०० रुपये. १० ते २० लाख, ४०० रुपये. २० ते ५० लाख, १,००० रुपये. राज्य आयोगात १ कोटीपर्यंत २,००० आणि २ कोटींपर्यंत २,५०० रुपये. म्हणजे फ्रीज, मोबाइल, गादी, क्लासची फी, सहल अशा घरगुती तक्रारींना शुल्कच नाही.

कागदपत्रे: तक्रार अर्ज, घटनांची तारीखवार यादी, शपथपत्र, ओळखपत्र, बिल, जाहिरातीची प्रत, कंपनीशी झालेला पत्रव्यवहार, हेल्पलाइनचा नोंद क्रमांक. स्क्रीनशॉट जोडत असाल तर डिजिटल पुराव्याचे प्रमाणपत्र सोबत द्या. २०२४पासून ते भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३खाली येते. ज्या फोनवर स्क्रीनशॉट घेतला तो फोन निकालापर्यंत विकू नका. अर्ज ऑनलाइन भरायचा तर जानेवारी २०२५पासून ई-जागृती पोर्टल आहे. सुनावणी व्हिडिओवर घ्यावी अशी विनंतीही करता येते.

वेळ: तक्रार दाखल करून घ्यायची की नाही, हे आयोगाने साधारण २१ दिवसांत ठरवायचे. कंपनीला उत्तरासाठी ३० दिवस, फार तर आणखी १५. ४५ दिवसांपुढे एकही दिवस देता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२०मध्ये सांगितले आहे. कंपनी पुढची तारीख मागू लागली की हे आयोगाच्या नजरेस आणा. निकाल तीन महिन्यांत, वस्तूची प्रयोगशाळेत तपासणी लागली तर पाच महिन्यांत, असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात त्याहून जास्त काळ लागतो, वर्ष-दीड वर्षाची तयारी ठेवा.

काय मागाल? किंमत परत, व्याज, त्रासाची भरपाई, तक्रारीचा खर्च, आणि कंपनीच्या खर्चाने दुरुस्तीची जाहिरात. ही शेवटची मागणी लोक विसरतात. आयोगाला तो अधिकार आहे, अर्जात जरूर लिहा. वस्तू धंद्यात फेरविक्रीसाठी घेतली असेल तर हे दार बंद. स्वतःच्या पोटापाण्यासाठी घेतलेले शिलाई यंत्र मात्र चालते.

घर, औषध, खाणे, पैसा: वेगळी दारे

घर: प्रकल्पाच्या जाहिरातीत महारेरा नोंदणी क्रमांक हवा, आणि १ ऑगस्ट २०२३पासून क्यूआर कोडही. तो स्कॅन करूनच पुढचे बोला. माहितीपत्रक किंवा नमुना सदनिका पाहून पैसे भरलेत आणि ते खोटे निघाले, तर रेरा कायद्याच्या कलम १२खाली भरपाई मिळू शकते. बाहेर पडायचे असेल तर व्याजासह पैसे परत. महारेराकडे तक्रारीचे शुल्क ५,००० रुपये. ग्राहक आयोगाचाही पर्याय आहे, पण एकाच मागणीसाठी दोन्हीकडे जाऊ नका. नोंदणीकृत करार होईपर्यंत १० टक्क्यांहून जास्त रक्कम देऊ नका, बिल्डरला ती मागताही येत नाही.

औषध: १९५४च्या जादूटोणासदृश उपचारांच्या जाहिरातींविरुद्धच्या कायद्याच्या यादीत ५४ आजार आणि अवस्था आहेत. मधुमेह, कर्करोग, रक्तदाब, लठ्ठपणा, उंची वाढवणे हे सगळे त्यात येते. यांवर औषधाची जाहिरात दिसली की दावा खरा की खोटा हे तुम्हाला सिद्ध करावे लागत नाही. अन्न व औषध प्रशासनाला कळवा: १८००२२२३६५, शुल्क नाही. आणि कृपा करून जाहिरात वाचून आईवडिलांच्या चालू गोळ्या बंद करू नका. गेलेले पैसे आयोग मिळवून देईल, बिघडलेली तब्येत देणार नाही.

खाणे: वेष्टनावरचा १४ अंकी परवाना क्रमांक टिपून घ्या आणि फूड सेफ्टी कनेक्ट ॲपवर किंवा वरच्याच क्रमांकावर तक्रार करा. खाद्यपदार्थाच्या फसव्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड आहे.

पैसा: बँकेची जाहिरात असेल तर आधी बँकेकडे लेखी तक्रार, ३० दिवसांत समाधान झाले नाही तर रिझर्व्ह बँकेचे लोकपाल, माहितीसाठी १४४४८. विम्यासाठी बीमा भरोसा पोर्टल किंवा १५५२५५. शेअर आणि म्युच्युअल फंडासाठी सेबीचे स्कोअर्स पोर्टल, कंपनीला उत्तरासाठी २१ दिवस. तिन्ही ठिकाणी शुल्क नाही.

तक्रारीचेही छुपे खर्च

वकील लावणे सक्तीचे नाही. लावलात तर फी आधी लेखी ठरवा. ‘मिळतील त्या रकमेत इतका हिस्सा’ असे मागणारा वकील बार कौन्सिलचा नियम मोडतो, त्याच्याकडे जाऊ नका.

कायदेशीर नोटीस पाठवल्याशिवाय तक्रारच होत नाही, असे सांगून हजारो रुपये घेतात. कायद्यात अशी सक्ती नाही. तुमच्या सहीचे साधे पत्र ईमेलने आणि स्पीड पोस्टाने पाठवा, १५ दिवसांची मुदत द्या, पावती जपा.

झेरॉक्स, नोटरी आणि टपाल मिळून खर्च काही शे रुपयांत बसतो. नोटरीचा दर सही करण्याआधी विचारा.

इंटरनेटवर शोध घेतलात की ग्राहक न्यायालयाच्या नावाशी मिळत्याजुळत्या नावांची खासगी संकेतस्थळे वर दिसतात. ती तक्रार ‘नोंदवण्याचे’ पैसे घेतात. सरकारी हेल्पलाइन पैसे मागत नाही, ओटीपी मागत नाही आणि परताव्यासाठी कोणतेही ॲप डाउनलोड करायला सांगत नाही. असे कोणी सांगितले तर फोन ठेवा.

अर्ज लिहायला मदत हवी असेल तर मुंबई ग्राहक पंचायत किंवा तुमच्या गावातल्या ग्राहक संघटनेत जा. तिथले कार्यकर्ते वर्षानुवर्षे हेच काम करत आले आहेत.

तारखा लिहून ठेवा

आज: फोटो, स्क्रीन रेकॉर्डिंग, बिल, सगळे एका पाकिटात. उद्या: कंपनीला लेखी पत्र आणि १९१५वर नोंद. या आठवड्यात: ॲस्कीला जाहिरातीची प्रत, बरेच जण फसले असतील तर जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज. तिसावा दिवस: पैसे आले नाहीत तर ई-जागृतीवर तक्रार. निकाल विरुद्ध गेला तर जिल्हा आयोगाच्या आदेशावर ४५ दिवसांत राज्य आयोगाकडे अपील. कंपनी अपिलात गेली तर तिला आदेशातली निम्मी रक्कम आधी भरावी लागते, हेही माहीत असू द्या.

रक्कम लहान आहे म्हणून सोडून देऊ नका. तुमच्यासारख्याच लाखो लोकांनी सोडून दिलेल्या पन्नास-पन्नास रुपयांवर अशा जाहिराती पोसल्या जातात. आमच्या फ्रीजचे १,१७९ रुपये परत आले, त्याला लागला एक फोन, दोन ईमेल आणि जपून ठेवलेले वर्तमानपत्राचे एक पान. पुढच्या खरेदीआधी जाहिरातीचे ते पान रद्दीत टाकू नका, वॉरंटी संपेपर्यंत बिलाला टाचून ठेवा.